गोगलगायीचा मेंदू आणि सोयाबीन

गोगलगायीच्या मेंदूवर कुणी पीएच.डी. करतो म्हटले की आपल्याकडे हमखास हशा पिकतो. २०२२च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन रातोरात फस्त केले, दुबार पेरणीची पाळी आली, तेव्हा मात्र कुणाला हसू आले नाही.

ही पाहुणी मूळची पूर्व आफ्रिकेची. बेन्सन नावाच्या शंखांच्या शौकिनाने १८४७ साली ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली. तिला आपल्यासारखा एकसंध मेंदू नाही. अन्ननलिकेभोवती चेतापेशींच्या गाठींचे कडे असते. त्यातल्या वरच्या जोडगाठीत काही पेशींचे पुंजके निराळेच. पेशी पेरूसारखी, तिला एकच लांब तंतू आणि पोटात सूक्ष्म कण ठासून भरलेले. पॅराल्डिहाइड फुक्सिनने रंगवल्यावर हे कण जांभळे उमटतात. जात चेतापेशीची, धंदा ग्रंथीचा! कण तंतूतून सरकत टोकाशी जातात, रक्तात उतरतात आणि वाढीला, अंडी घालण्याला हुकूम सोडतात. तळ्यातल्या लिम्निया गोगलगायीच्या अशाच पेशींत १९८८ साली इन्सुलिनचा भाऊबंद सापडला.

कॅनडातल्या डिक्सी पेल्युएट आणि नॅन्सी लेन यांनी १९६१ साली बिनशंखी गोगलगायींची डोळ्यांची शिंगे कापून पाहिली, तर अंडी वाढली. अंडी रोखणारा शिंगातला हा स्राव नेमका कोणत्या पेशींचा, यावर पुढे बराच वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.

आपल्याकडे हा विषय परका नाही. मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मृदुकाय प्राण्यांच्या चेतास्रावावर काम केले आहे. शेतकऱ्याला मात्र सल्ला मिळतो तो गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटांचा: रात्री पसरा, सकाळी गोगलगायी वेचा, मिठाच्या पाण्यात टाका. सल्ला खोटा नाही, पण तो गोगलगाय बाहेर पडल्यानंतरचा. तोवर एकेका मादीनराने (हा प्राणी दोन्ही असतो) मातीत शंभरावर अंडी घातलेली असतात.

ती अंडी कधी घालायची हे त्या जांभळ्या कणांच्या हातात आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने एकत्र बसून शंखी गोगलगायीच्या स्रावाचे महिनावार वेळापत्रक मांडावे, आणि सरकारने नुकसानभरपाईच्या रकमेतला थोडा वाटा त्यासाठी आधीच काढून ठेवावा.