पाटी आणि पाळणा

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात तळणीचा वास दरवळत असेल. चकली यंदा कडक झाली की नरम पडली, यावर बाहेरच्या खोलीत परिसंवादही रंगला असेल. वाचकहो, रागावणार नसाल तर एकच विचारतो: कढईपुढे उभे कोण आहे? बहुधा तीच, जी सकाळची गाडी गाठून कचेरीत गेली आणि येताना भाजणीचे पीठ घेऊन आली. तिला आपण कौतुकाने ‘तारेवरची कसरत करणारी’ म्हणतो. या कौतुकाचा मला अलीकडे राग येऊ लागला आहे. तिला तारेवर चढवणारे आपण आणि खाली उभे राहून टाळ्या वाजवणारेही आपणच!

बाई कामाला लागली आणि घराची घडी विस्कटली, पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा एक प्रघात आहे. असे म्हणणाऱ्यांनी एकदा शीव कोळीवाड्यात यावे. शीव म्हणजे सीमा. जुन्या मुंबई बेटाची ही वेस. इथली कोळीण कामाला कधी लागली, हे विचारणेच व्यर्थ आहे. शहर उभे राहण्याआधीपासून पुरुषाने मासळी आणायची आणि बाईने विकायची, ही इथली रीत. भाव तिने करायचा, पैसा तिच्या कनवटीला असायचा. आमच्या आज्यांनी उंबरठा ओलांडला नाही, हे आपल्या चार पांढरपेशा घरांपुरते खरे असेल. मुंबईपुरते ते कधीच खरे नव्हते.

मग कोळणीने हे साधले कसे? आमच्या दारावर वर्षानुवर्षे येणाऱ्या एका मावशींना मी हेच विचारले. “मावशी, धंदा आणि घर दोन्ही कसे सांभाळलेत?” पाटी उतरवीत त्या हसल्या. “दोन कुठं? पाटी विकली तर चूल पेटते. एकच हाय ते.” मला उत्तर फार आवडले, लेखात घालण्याजोगे वाटले. म्हणून पुढचा प्रश्न विचारला, “आणि पहाटे धक्क्यावर जाताना पोरे कोणापाशी?” “सासू होती तोवर सासूपाशी. मग मोठीपाशी.” “म्हणजे मोठीची शाळा?” मावशी काही बोलल्या नाहीत. सुरमईचा तुकडा तेवढा जरा मोठा कापला.

सारा प्रश्न त्या न दिलेल्या उत्तरात आहे. ‘समतोल’ नावाची वस्तू फुकट मिळत नाही. आई कामावर गेली की तिच्या जागी कोणीतरी उभे राहतेच. कधी ती सासू असते, कधी शेजारीण, कधी दहा वर्षांची मोठी मुलगी. कचेरीत जाणाऱ्या बाईच्या घरी ती मोलकरीण असते, आणि त्या मोलकरणीचे मूल कोणापाशी असते, हे आपण विचारीत नाही. या सगळ्या यादीत बाप कोठे आहे? तो सापडत नाही. मीही माझ्या घरच्या यादीत फारसा सापडलो नाही, हे इथेच कबूल करतो.

आता कोणी म्हणेल, ज्याचे मूल त्याने पाहावे, सरकारचा काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर याच मुंबईत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी दिले गेले आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील बायकांना बाळंतपणाची भरपगारी विश्रांती देण्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ठणकावून सांगितले की, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला. देशभरासाठी तो १९६१ साली आला. २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे पाळणाघराची सोय बंधनकारक ठरली.

कायदा चांगलाच आहे. पण त्यात दोन भोके आहेत. खाजगी नोकरीत, विम्याच्या योजनेबाहेर, रजेचा पगार एकट्या मालकाच्या माथी. म्हणजे तरुण बाईला नोकरीच न देण्याचा मोह त्याच्यापुढे कायद्यानेच ठेवला. आणि बापाचा त्यात उल्लेख नाही. केंद्र सरकारच्या नोकराला पंधरा दिवसांची पितृत्वरजा मिळते. बाकीच्यांनी पेढे वाटून दुसऱ्या दिवशी कामावर जावे! कोळणीला तर मालकच नाही, मग २६ आठवडे मागायचे कोणाकडे? शीव कोळीवाड्याच्या नावाची तळलेली कोळंबी आज देशभर हॉटेलांच्या मेनूवर आहे; मासळी विकणारी मात्र कुठल्याच हजेरीपटावर नाही.

“मुलाला आईच लागते,” हा शेवटचा आणि सर्वांत हळवा आक्षेप. त्याचे उत्तर याच शीवेच्या हद्दीत आहे. इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचे दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळते आणि ते बाळ जगते. आईच्या दुधासारखी सर्वांत खाजगी गोष्ट ज्या शहराने वाटून घेतली, त्या शहराला मूल कडेवर घेण्याचे चार तास वाटून घेता येऊ नयेत? बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी मुंबईत १९७२ पासून फिरती पाळणाघरे चालत आली आहेत. म्हणजे जमते, मनात आणले तर जमते.

तेव्हा मागणी साधी आहे. नळ, शाळा, दवाखाना तसे पाळणाघर वस्तीवस्तीत हवे, आणि ते पहाटे धक्क्यावर जाणारीच्या वेळेला उघडे हवे. रजेचा खर्च साऱ्या समाजाने उचलावा. आणि बापाला रजा द्यावी, नुसती द्यावी असे नव्हे, तर घ्यायला लावावी.

हे सारे व्हायला वेळ लागेल. पण एक काम आजच होण्याजोगे आहे. वाचकहो, हा अंक दोन घटका खाली ठेवा, स्वयंपाकघरात जा आणि तिच्या हातातला झारा घ्या. चकल्या बिघडतील. बिघडू द्या. या दिवाळीला अंक तिला वाचू दे.