हक्क बाळाचा, ऋण आपले

अविवाहित, आणि म्हणून समलिंगी, जोडप्यांना संयुक्तपणे मूल दत्तक घेऊ न देणारा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी कायम ठेवला. पाचांपैकी तीन न्यायमूर्तींचे हे मत. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्या. संजय किशन कौल यांना तो नियम भेदभावाचा वाटला. निकाल ऐकून आपल्या घराघरांतून ‘बरे झाले’ असा उद्गार निघाला. आमचा प्रश्न त्या उद्गाराला आहे. बरे झाले, ते कोणाचे?

ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही पातळ करू इच्छित नाही. विवाह स्त्री-पुरुषांचा असतो व बाळाला आई आणि वडील दोघेही लाभावेत, असे ती सांगते. २००३ साली व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांच्या दत्तकविधानाला स्पष्ट विरोध नोंदविला. परंतु मूल हा कोणाचा हक्क नसून परमेश्वराची देणगी आहे, हेही तीच शिकवण सांगते. हे सूत्र केवळ समलिंगी जोडप्यांनाच लागू पडते काय? गोरे, निरोगी, तान्हे आणि जात-कूळ ठाऊक असलेले मूल हवे, अशी यादी मनात धरणाऱ्या विवाहितांना ते लागू नाही?

एके काळी आपल्याजवळ कायद्याची सबब होती. १९५६ चा दत्तक कायदा आपल्याला लागू नव्हता. १८९० च्या कायद्याने ख्रिस्ती दांपत्याला केवळ पालकत्व मिळे. बाळाला त्या घरचे अपत्य म्हणून स्थान मिळत नसे. बाल न्याय कायद्याने ही अडचण दूर केली, आणि त्या कायद्यान्वये कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते, हे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. अर्ज आता केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर करता येतो. कवठे महांकाळच्या दांपत्याला त्यासाठी मुंबई-पुण्याची वारी करावी लागत नाही.

निरोगी तान्ह्यांसाठी रांग वर्षानुवर्षांची आहे. वयाने मोठी, अपंग वा आजारी मुले आणि ताटातूट होऊ नये अशी भावंडे मात्र वाट पाहत राहतात. बाळाला आई-वडील दोघे हवेत असे जे ठासून सांगतात, त्यांनीच तेथे प्रथम जावयास नको काय? एकट्या व्यक्तींना दत्तक देण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा २०१५ साली मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या भगिनींनी भारतातील दत्तकाचे काम थांबविले. विवेकाला स्मरून घेतलेल्या त्या निर्णयाचा आम्ही मान राखतो. पण त्यानंतर आपल्या कुटुंबांवरील जबाबदारी वाढली. ती किती जणांनी उचलली?

आणखी एक गोष्ट. एकट्या व्यक्तीस कायद्याने आजही दत्तक घेता येते. तेव्हा दोन स्त्रियांच्या घरी वाढणारे, कागदोपत्री मात्र एकीचेच असलेले मूल उद्या आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात येऊन बसेल. त्याच्या पाठीमागे कुजबुजणाऱ्याने शिकवणीचे रक्षण केले, असे आम्ही मुळीच मानणार नाही.

प्रभू येशू संत योसेफच्या रक्ताचा नव्हता. तरीही योसेफने त्याला नाव दिले, घर दिले, कसब दिले. त्या संताच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावणाऱ्या घरात ‘परक्याचे रक्त’ हे शब्द उच्चारले जाऊ नयेत. न्यायालयाने नियम राखला. मुलांना घर देणे न्यायालयाच्या हाती नाही. ते आपल्यालाच द्यावयाचे आहे.