नगरपालिकेची पायरी



निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली येते, मंत्रालय येते. आमदार कोण, खासदार कोण, यावर चाळीच्या जिन्यात रात्र रात्र वाद रंगतात. आणि नगरपालिकेची निवडणूक आली की? "गटारं नि दिवाबत्ती, त्यात काय बघायचं!" असे म्हणून आपलाच माणूस कूस बदलतो. आमचे म्हणणे असे की, घात होतो तो इथेच. नळाला पाणी किती वाजता यायचे, गल्लीतला कचरा कोणी उचलायचा, पोरांची शाळा कुठे भरायची, हे दिल्लीत ठरत नाही. ते ज्या घरात ठरते त्या घराचे नाव नगरपालिका. आणि उद्या राज्य चालवणारा माणूस घडतो, तोही पुष्कळदा त्याच घरात.

याचा दाखला दिग्रसच्या माणसाला दूर शोधायला नको. दिग्रस हा कापसाचा मुलूख. इथल्या भागातला कापूस दारव्ह्याहून शकुंतला गाडीत चढायचा, मूर्तिजापूरला मोठ्या रेल्वेत पडायचा आणि गिरणीत जाऊन सूत व्हायचा. इथल्या कुणब्याने वेचायचा, गिरणगावातल्या कामगाराने विणायचा, आणि नफा तिसऱ्यानेच न्यायचा, असा हा जुना धंदा. याच मुलखात, दिग्रसच्या शेजारी पुसद तालुक्यातल्या गहुली गावी, १ जुलै १९१३ रोजी बंजाऱ्याच्या घरात एक मूल जन्मले. त्याचे नाव वसंतराव नाईक.

एका काळी बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरणारा हा समाज. गावाच्या वेशीबाहेर तांडा, आणि तांड्याबाहेर शाळा. त्या तांड्यातले पोर या गावची शाळा, त्या गावची शाळा असे करीत नागपूरला पोचले आणि १९४० साली वकील झाले. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिली शिकले. १९४१ साली वत्सलाबाई घाटे या ब्राह्मण घरच्या मुलीशी लग्न केले, तेव्हा दोन्हीकडच्या जातभाईंनी पाठ फिरवली. पण गडी डगमगला नाही. पुसदला वकिली थाटली, दिग्रसच्या राष्ट्रीय वसतिगृहाचे अध्यक्षपद सांभाळले, पुसदच्या कृषी मंडळाचे काम केले, आणि १९४६ साली पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

बाबांनो, या १९४६ सालाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तेव्हा एकवीस वर्षांच्या प्रत्येक माणसाला मत नव्हते. मताचा हक्क कर नि मालमत्तेच्या चाळणीतून गाळून मिळायचा. मुंबई महापालिकेतसुद्धा सर्व प्रौढांना मत मिळाले ते १९४८ साली. म्हणजे घरदार, दुकान, जिनिंग असणाऱ्यांच्या त्या गावकीत तांड्यातला माणूस अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला. ही पायरी चढल्यावर पुढची वाट मोकळी झाली. १९५२ साली मध्य प्रदेश विधानसभेचे आमदार, मग महसूल खात्याचे उपमंत्री, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात, १९६० साली महाराष्ट्राचे महसूलमंत्री, आणि ५ डिसेंबर १९६३ पासून मुख्यमंत्री. अकरा वर्षांहून अधिक काळ त्या खुर्चीवर! इतका सलग काळ दुसरा कोणी तिथे टिकला नाही.

आता कोणी म्हणेल, हा काँग्रेसचा माणूस, याची आरती आम्ही कशाला ओवाळायची? आरती नाहीच ओवाळायची. हिशेब मांडायचा. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला.

आधी जमा पाहू. महाराष्ट्र झाल्याबरोबर १९६० साली सत्तेच्या विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष नाईक. त्या समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा नि पंचायत समित्या उभ्या राहिल्या. जिल्ह्याचा कारभार एकट्या कलेक्टराच्या मुठीतून काही अंशी सुटून निवडून आलेल्यांच्या हातात आला. ज्याने स्वतः गावची नगरपालिका चालवली होती, त्याला ठाऊक होते की मुंबईच्या कचेरीत बसून पुसदच्या विहिरीचा गाळ निघत नाही. पुढे त्यांच्याच कारकिर्दीत नगरपालिकांचा १९६५ चा कायदा झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना रोजगार हमीची कामे मिळाली, आणि त्याच सुमारास कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. दिग्रसचा कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावरून सरकारच्या काट्यावर आला. त्या योजनेत पुढे घोळ झाले, चुकारे थकले, हे खरे. पण कापूस पिकवणाऱ्याच्या भावाला कोणी तरी बांधील आहे, हे प्रथमच कबूल झाले.

आता नावे. गिरणगावाने नोव्हेंबर १९५५ मध्ये आणि जानेवारी १९५६ मध्ये मराठी राज्यासाठी रक्त सांडले, आणि त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात नाईक द्वैभाषिकाच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले. हे विसरता येत नाही. १९६५ साली त्यांनी पुण्यात शनिवारवाड्यापुढे सांगितले की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फासावर चढवा. संकरित ज्वारी आली, पीक वाढले. तरी १९७२ साली मराठी माणसाला परदेशी मिलोची लाल भाकरी गिळावी लागलीच. आणि गिरणगावाच्या काळजातला सल तर निराळाच. नाईकांच्या राज्यात शिवसेनेला विरोधक 'वसंतसेना' म्हणू लागले, ते उगाच नव्हे. लाल बावट्याची युनियन खिळखिळी होत असताना सरकारने डोळ्यांवर कातडे ओढले, असा त्यांचा आरोप होता. मुंबई महापालिकेत नगरसेवक राहिलेले, पुढे परळचे आमदार झालेले कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी खून झाला, तो याच काळात. नगरपालिकेची पायरी चढून वर गेलेला एक माणूस राज्य करीत होता, आणि त्याच पायरीवरून वर आलेला दुसरा माणूस लालबागेत भोसकला गेला!

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, पायरी चांगली म्हणजे चढणारा चांगलाच, असे नव्हे. त्याच्यावर खालून नजर पाहिजे. मुंबईत ती नजर एकदा होती. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका काबीज केली. आचार्य दोंदे महापौर झाले. १९५८ साली मिरजकर झाले. मीरत खटल्यात तुरुंग भोगलेला, गिरणी कामगारांच्या संपात उभा राहिलेला हा माणूस! १९५९ साली बोराळे झाले. मोर्चात चालणाऱ्यांनी मतपेटीपर्यंत चाल केली, म्हणून हे घडले. नुसत्या घोषणांनी महापौर होत नाही.

आणि आज? २०२१-२२ च्या सुमारास राज्यातल्या नगरपालिकांच्या नि महापालिकांच्या मुदती संपत गेल्या, आणि वर्षामागून वर्षे प्रशासक बसले. मुंबईपासून विदर्भातल्या तालुक्याच्या गावापर्यंत लोकांनी निवडलेला माणूस सभागृहातच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली बजावले, तेव्हा कुठे नगरपालिकांच्या निवडणुकांना डिसेंबर उजाडला. इतकी वर्षे पायरीच काढून ठेवली होती, आणि आपण गप्प होतो. गिरण्या गेल्या तेव्हा आपण रस्त्यावर आलो, घरांसाठी अजून येतो. पायरी गेली तेव्हा किती जण आलो?

दुसरे दुखणे घराण्याचे. १९५२ पासून बहुतेक काळ पुसदची आमदारकी नाईकांच्याच घरात राहिली. लोकांनी मते दिली म्हणून राहिली, हे मान्य. पण हा काही एका पुसदचा रोग नाही. जिथे तिथे काकाची जागा पुतण्याला, नवऱ्याची बायकोला. गहुलीच्या तांड्यातून १९४६ साली जो वर आला, त्याच्यासारखा आजचा तांड्यातला पोरगा, हमालाची मुलगी, यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा तरुण, यांनी कोणत्या दारातून आत शिरायचे?

तेव्हा यापुढे मत मागायला कोणी दारात आला, तर त्याला खुर्ची द्या, पाणी द्या आणि तीन गोष्टी विचारा. आमच्या वॉर्डाचे पाणी नि शाळा यांसाठी तू निवडणुकीआधी काय केलेस? सभागृहात कोणत्या ठरावावर कसे मत दिलेस, हे दर वर्षी चौकात येऊन सांगशील का? आणि तुझ्यानंतर ही जागा तुझ्या घरच्यांसाठी राखणार की वॉर्डातल्या कर्त्या पोराला मोकळी करणार?

उत्तर मिळाले तर मत द्या. नाही मिळाले, तर आपल्यातलाच एखादा उभा करा, वर्गणी काढा, घरोघर फिरा. कापूस आपण पिकवला, कापड आपण विणले, हे मराठी राज्य आपण आणले. या राज्याची पहिली पायरी दुसऱ्याच्या अंगणात जाऊ देऊ नका!