धुराची प्रतवारी

मराठी साहित्याच्या अध्यापनात एक अलिखित नियम आपण सारेच पाळत आलो आहोत. कथा-कादंबरीतील पात्राच्या तोंडी पाइप आला की ते पात्र चिंतन करीत असते; विडी आली की ते दरिद्री असते; चिलीम आली की ते रांगडे असते; आणि एखादी बाई दातांना मशेरी लावताना दिसली, तर तिच्याविषयी काहीच लिहावयाचे नसते. फार तर उत्तरपत्रिकेत ‘ग्रामीण वातावरणनिर्मिती’ असे म्हणून पुढे जावयाचे असते. वनस्पती एकच, तीतले निकोटिनही एकच; प्रतवारी मात्र चार प्रकारची. ही प्रतवारी दुकानदाराच्या फळीवरून उचलून आपण समीक्षेत आणून ठेवली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बीडसारख्या जिल्ह्यातून हा वाद उपस्थित करण्याचे कारण सांगितले पाहिजे. येथे पाइप ओढणारा माणूस दुर्मीळच. क्वचित एखादा साहित्यप्रेमी पुण्या-मुंबईहून ‘इंग्लिश मिक्स्चर’चे परवडणाऱ्या किमतीतले पाकीट मागवतो आणि त्या गंधाचे, त्या ठासण्याचे, त्या सावकाश झुरक्याचे मित्रमंडळात कौतुक होते. त्या गृहस्थाशी आमचे भांडण नाही. आपल्या फुप्फुसांचे काय करायचे ते त्याने पाहावे. आमचे भांडण आहे ते त्या कौतुकाशी. कारण तेच कौतुक पुढे वर्गात येते, आणि पाइप कधी हातातही न धरलेले शिक्षक व विद्यार्थी त्याला बुद्धीचे चिन्ह मानून वाचू लागतात.

प्रथम त्या ‘इंग्लिश’ शब्दाचाच विचार करू. या मिश्रणात सामान्यतः तीन प्रकारची पाने असतात. पहिले व्हर्जिनिया, मूळचे अमेरिकेतले. दुसरे ओरिएंटल, तुर्कस्तान-ग्रीसकडचे, लहान पानांचे. आणि तिसरे, ज्याच्यावरून हे मिश्रण ओळखू येते ते लाटाकिया: सीरियातील एका बंदराचे नाव धारण करणारे, लाकडाच्या धुरावर काळे केलेले आणि पुढे प्रामुख्याने सायप्रसमध्ये तयार होऊ लागलेले. मिश्रणाची ओळख ठरवणारे यांतले एकही पान इंग्लंडच्या शेतातले नव्हे. मग इंग्लिश काय? तर मिसळण्याची रीत, वरून गोड वास न चढवण्याचा संकेत आणि डब्यावरचे नाव. स्वस्त पाकीट घेणारा माणूस पानापेक्षा या नावाचेच पैसे अधिक मोजत असतो. आपल्या समीक्षेत ‘इंग्रजी’ म्हणून जे मिरवते त्याचीही घडण पुष्कळदा अशीच असते. माल फ्रान्सचा, रशियाचा, जर्मनीचा. डबा तेवढा इंग्रजी. आपण डब्याकडे पाहून मान डोलावतो.

येथे आमचे देशीवादी मित्र टाळीसाठी हात पुढे करतील. ती टाळी आम्हाला देता येत नाही. तंबाखू ही मुळात अमेरिकेतली वनस्पती. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती दख्खनमध्ये आली. अकबराच्या दरबारात ती नेली विजापूरहून परतलेल्या असद बेगने, १६०४-०५च्या सुमारास. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११०चा, म्हणजे ११८८ सालचा मानला जातो. त्या काळी या मुलखात तंबाखूचे नावही कुणास ठाऊक नव्हते. त्याच गावचे दासोपंत १६१५ साली निवर्तले, तोवर हे पान दख्खनमध्ये रुळू लागले होते. म्हणजे पाइप परका आणि चिलीम आपली, ही वाटणी इतिहासाला धरून नाही. चिलमीची माती आपली, आतले पान परके, आणि चार शतकांच्या वापराने तेही आपलेच झालेले. एकाच पानाला दोन अर्थ कोण देते, हा खरा प्रश्न आहे.

पाइप म्हणजे चिंतन, हे समीकरण आपल्याकडे ज्या वाटांनी आले त्यांतली एक मोठी वाट शेरलॉक होम्सची. १८९१ सालच्या ‘द रेड-हेडेड लीग’मध्ये तो एका कोड्यासाठी तीन पाइप लागतील असे सांगतो आणि डोळे मिटून बसतो. परंतु त्याच्या तोंडी त्या वेळी असतो तो मातीचा काळा पाइप. कॉनन डॉयलच्या कथांत त्याची तंबाखू आहे ‘शॅग’, म्हणजे जाडीभरडी, उग्र आणि हलक्या प्रतीची. मातीचा पाइप हे तत्कालीन इंग्लंडमधील कष्टकऱ्यांचे साधन होते. पुढे रंगभूमीने आणि चित्रपटाने त्याच्या हाती डौलदार वाकडा पाइप दिला, आणि आपण तोच मूळचा समजलो. होम्सची मातीची नळी आणि आपल्या गोसाव्याची मातीची चिलीम एकमेकींशेजारी ठेवा. एकीला ओले फडके गुंडाळलेले, त्याला आपण छापी म्हणतो; दुसरीला नाही. एवढ्या फरकावर एकाला तर्कशास्त्रज्ञ आणि दुसऱ्याला गंजेटी ठरवण्याचे धाडस समीक्षकाने करू नये.

मराठीत या खोट्या समीकरणाचा पर्दाफाश फार पूर्वी झाला आहे, आणि तोही आपण नेमाने शिकवतो त्या नाटकात. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधील पोंक्षे आठवावा. इंटर सायन्स नापास, कारकुनी करणारा. पण तोंडात पाइप आणि चेहऱ्यावर शास्त्रज्ञाचा भाव. परवडणाऱ्या इंग्रजी धुराचे मराठी साहित्यातील इतके नेमके चित्र दुसरे आम्हास आठवत नाही. हाच पोंक्षे लीला बेणारेने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्या खेळातल्या न्यायालयात उघड करतो. त्याच्या त्या थंड साक्षीला पाइपमुळे तटस्थ निरीक्षणाचा आव येतो. आता ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) घ्या. सखाराम चिलीम ओढतो, मृदंग वाजवतो, घरात आणलेल्या बाईवर हात उचलतो. त्याच्या चिलमीत काय भरलेले आहे हा येथे गौण प्रश्न. पोंक्षे आणि सखाराम दोघेही स्त्रीला चिरडतात. एक सभ्यतेच्या आडून, दुसरा उघडउघड. नाटककाराने दोघांच्या तोंडी धूर दिला. सखारामच्या रांगडेपणावर आपण वर्षानुवर्षे टिपणे काढली. पोंक्षेच्या पाइपवर प्रश्न विचारला गेलेला आमच्या तरी पाहण्यात नाही. तो विचारला तर आपल्याच मंडळींपैकी काहींचे चेहरे त्यात दिसू लागतील, ही भीती तर त्यामागे नाही ना?

आणि आता मशेरी. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील लोकांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. मराठी माणसाची तंबाखू प्रामुख्याने तळहातावर मळली जाते, गालात धरली जाते, हिरड्यांना घासली जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघणारी कुटुंबे पाहा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक कोयता. त्या जोडीतल्या बाईच्या सामानात मशेरीची डबी असते. तव्यावर भाजून काळी केलेली ही पूड पहाटे, फडात जाण्यापूर्वी, दातांना लावली जाते; भूक लागत नाही, दाढ दुखत नाही, असे कारण बायका सांगतात. हे कारण तीन पाइपांच्या कोड्याहून कमी गंभीर आहे काय? त्या पहाटेच्या पंधरा मिनिटांत ती बाई काय विचार करते, हे विचारण्याची बुद्धी आपल्या समीक्षेला का होत नाही? धूर निघत नाही म्हणून चिंतनही होत नाही, असे आपण गृहीत धरले आहे.

यावर आक्षेप येईल की आम्ही व्यसनाला प्रतिष्ठा देत आहोत. तसे नाही. मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो, पाइपनेही होतो. महाग पान रोग्याला सवलत देत नाही. मशेरीवाल्या बाईचे गोडवे गाणारी कविता आम्हास नकोच आहे. तिची डबी ‘मातीचा गंध’ म्हणून सजवून मांडणे ही पाइपच्या कौतुकाचीच दुसरी बाजू होय. आमची मागणी साधी आहे: संहितेत जेथे तंबाखू येते तेथे ती सर्वांची सारख्याच कसोटीने वाचावी. पान कुठले, घेण्यासाठी पैसे कुणी दिले, विडी असेल तर ती कुणी वळली, खोकला कुणाला लागला, आणि लेखकाने यांतले काय गाळले? विडी वळणारे हात सोलापुरात, सिन्नरात प्रामुख्याने बायकांचे आहेत. त्यांच्यासाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली रास्त भावासाठी महामार्ग अडवला आणि त्या आंदोलनावर गोळीबार झाला. शेत, कारखाना, तोंड आणि दवाखाना ही सगळी साखळी एका झुरक्यात असते. ती न पाहता केवळ झुरक्याची ऐट पाहणाऱ्या वाचनाला आस्वाद म्हणता येईल, समीक्षा म्हणता येणार नाही.

अभ्यासमंडळांनी यासाठी नवा अभ्यासक्रम आखण्याची गरज नाही. पुढल्या सत्रात ‘शांतता!’ शिकवताना शिक्षकांनी पोंक्षेच्या पाइपवर एक प्रश्न घालावा, आणि एखाद्या ग्रामीण कादंबरीवर लिहिताना विद्यार्थ्यांनी ‘वातावरणनिर्मिती’ हा शब्द वापरू नये. तेवढ्यानेही पुष्कळ उत्तरपत्रिका अधिक प्रामाणिक होतील. बीड जिल्ह्यातल्या वर्गात तर अशी मुले-मुली बसलेली असतात की जिची डबी हा आपल्या टिपणातला तपशील असतो, ती त्यांची आई असते. त्यांच्यासमोर पाइपधाऱ्याला विचारवंत आणि त्या माउलीला वातावरण ठरवताना आपली जीभ अडखळली पाहिजे.