देवाच्या माथी

२०२५ च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाड्याची जी दैना केली, ती इकडच्या माणसाला सांगायला नको. शहरातल्या वाचकासाठी एवढंच सांगतो, की कपाशीच्या कैऱ्या झाडावरच सडल्या, सोयाबीनच्या शेंगेत मोड आले आणि ओढ्याकाठच्या रानात पीक तर सोडाच, माती राहिली नाही. खालचा मुरूम उघडा पडला. आमच्या घनसावंगी तालुक्याची दक्षिणेकडची कड गोदावरीनं धरलेली आहे. आम्ही तिला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. वर पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि गंगा फुगली, की तिला मिळणारे ओढे-नाले पुढं सरकत नाहीत, मागं तुंबतात. यंदा वरून पाऊस, खालून तुंबारा, आणि मधी आम्ही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मारुतीच्या देवळात कीर्तन ठेवलं होतं. महाराज बाहेरगावचे. त्यांचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण असं बोलणारे ते एकटे नाहीत. महाराज म्हणाले, "हा पाऊस नाही, हा कोप आहे. पाप वाढलं. पोरं देवळाची पायरी चढत नाहीत, एकादशीला घरात कोंबडं शिजतं. मग देवानं करावं तरी काय?" बाया माना हलवत होत्या. पुढं खालच्या रानातली काकू बसली होती. वयानं माझ्यापेक्षा धाकटी, पण भावकीच्या नात्यानं काकू. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तिची दीड एकर पऱ्हाटी एका रात्रीत गेली होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला दिसत होतं, की ही बाई आता आपलं कुठं चुकलं ते शोधत बसली आहे. कोणता उपास मोडला, कोणता नवस फेडायचा राहिला.

त्याच वेळी मी उठायला पाहिजे होतं. उठलो नाही. गळ्यात माळ आहे, आणि कीर्तनात मधी उठून बोलणं आपल्याकडं बसत नाही. आणखी एक कारण होतं, ते पुढं येईल. म्हणून जे तिथं बोललो नाही ते इथं लिहितो.

देव आहे की नाही, या भांडणात मला पडायचं नाही. माझ्यापुरता तो आहे. माझं भांडण आहे ते स्वतःचं ओझं त्याच्या माथी मारणाऱ्यांशी.

१९९३ साली मी तेहेतीस वर्षांचा होतो. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून किल्लारीकडचे लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या आत, भुई हलली. सरकारी आकडाच आठ हजारांच्या घरातला आहे. आमच्याकडून भाकरी, ठेचा, जुनी लुगडी, घोंगड्या असं गोळा करून एक ट्रक निघाला, त्यात मी होतो. वरून पाऊस लागलेला. सास्तूरच्या अंगाला एका गावात आम्ही उतरलो. गाव म्हणायचं ते सवयीनं. दगडाचे ढीग होते नुसते, आणि ढिगातून कुठं पाळण्याची दोरी, कुठं उतरंडीचं मडकं बाहेर आलेलं.

तिथं एक म्हातारा एका पडक्या भिंतीपाशी बसला होता. त्यानं मला ती भिंत दाखवली. अडीच हात जाड, गोल गोल दगड, आणि मधी नुसता चिखल. चुना नाही, दोन बाजू सांधणारा लांब दगड नाही. वर माळवद. लाकडाच्या तुळया, त्यावर किलचाण आणि त्यावर दोन फूट माती. दरसाल पावसाळ्याच्या तोंडाला गळू नये म्हणून आणखी चार पाट्या पांढरी माती टाकायची, ती तर आमच्याकडंही चाल होती. म्हातारा म्हणाला, "आमच्या पणज्यानं बांधलं. आम्ही दरसाल माती टाकीत गेलो. तीच अंगावर आली." जाड भिंतीच्या घरात झोपलेले गेले, आणि कुडाच्या छपरात झोपलेले पुष्कळ वाचले. पापाचा हिशेब लावणाऱ्यांनी हे गणित मला सोडवून दाखवावं. माळवदाखाली सहा महिन्यांचं लेकरू होतं, त्यानं कोणती एकादशी मोडली होती? आणि आदल्या साली, १९९२ च्या ऑक्टोबरात, त्या भागाला हादरे बसलेच होते. भुईनं सांगून ठेवलं होतं. ऐकायला कोण होतं?

पुढं सरकारनं बावन्न गावं नव्या जागी बसवली, भूकंप सोसतील अशी घरं बांधली. म्हणजे घर कसं बांधावं हे माणसाला कळत होतं. फक्त कळवायला एवढी माणसं मरावी लागली.

आता माझं ऐका. तिथून परत आलो ते थेट आमच्या घरापुढं उभा राहिलो. तसंच माळवद. मी दादांना म्हणलो, ही माती उतरवू, पत्रे टाकू. दादा म्हणाले, "त्याला न्यायचं आसंल तर पत्र्याखालूनबी नेईल. तू कामून घोर करतो?" मी गप बसलो. दादांपुढं कोण बोलणार, आणि पैसाही नव्हता. २००१ साली दादा गेल्यावर माळवद उतरवलं तर अडतीस गाड्या माती निघाली. किल्लारी डोळ्यांनी पाहून आलेला माणूस आठ वर्षं बायकोलेकरांना त्या अडतीस गाड्यांखाली झोपवीत होता. भूकंप इकडं आला नाही म्हणून ही गोष्ट सांगायला मी आहे. आला असता तर लोकांनी म्हणलं असतं, देवाची करणी.

मोठ्यामोठ्यांची इथं चूक झालेली आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात मोठा भूकंप झाला. गांधीजींनी सांगितलं, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. मनात हेतू चांगला होता. शिवाशिव जावी म्हणून जीव तोडणारा माणूस तो. पण रवींद्रनाथांना ते पटलं नाही. निसर्गातल्या घडामोडीला पापपुण्य चिकटवू नका, त्यानं लोकांचा विचार करण्याचा कस जातो, अशा अर्थाचं त्यांनी लिहून पाठवलं. गांधीजींचा मोठेपणा असा, की त्यांनी ते आपल्याच 'हरिजन'मध्ये छापलं आणि खाली आपलं उत्तर दिलं. मी दहावी शिकलेला माणूस, दोघांच्या पायाची धूळ. पण या एका गोष्टीत मी टागोरांच्या बाजूला आहे. कारण शिक्षाच म्हणायची तर ज्यांना शिवून घेत नव्हते त्यांचीही घरं त्याच भूकंपात पडली. हा कुठला न्याय?

महाराज मंडळींना मंगळवेढ्याचे दामाजीपंत फार आवडतात. दुष्काळात पंतांनी बादशहाची धान्याची कोठारं उघडली, आणि विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला, पैसे भरून आला. कीर्तनात विठू महारावर तासभर बोलतात, टाळ्या पडतात. माझं म्हणणं, जरा त्या कोठाराच्या दारापाशी थांबा. कुलूप देवानं काढलं नाही. कुलूप काढणारा पगारी कारकून होता, आणि मान जाईल हे त्याला ठाऊक होतं. देव आला तो मागाहून, हिशेब मिटवायला. ज्यानं कुलूपच काढलं नाही त्याच्यासाठी विठोबा बिदरला कशाला जाईल? समर्थ रामदास तर आमच्याच तालुक्यातल्या जांबचे. त्यांनी अस्मानी आणि सुलतानी दोन्ही पाहिली, आणि शिकवण कशाची दिली तर प्रयत्नाची. त्यांच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर बसून आम्ही माना हलवतो.

हे वाचून शहरातला कुणी खूश होत असेल तर त्यानंही थांबावं. पाणी वस्तीत शिरलं त्या रात्री बावीस माणसं मारुतीच्या देवळात होती, कारण आमच्याकडं सगळ्यात उंच ओटा त्याचाच. सप्त्याच्या कढया काढल्या, सप्त्याच्या उरलेल्या तांदळाची खिचडी झाली. आणि देवळाची पायरी न चढणारी जी पोरं महाराजांना खुपत होती, त्यांनी म्हाताऱ्या पाठुंगळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून त्याच पायऱ्या चढवल्या. एका पोराच्या तर तोंडाला वास येत होता. त्यानं तीन खेपा केल्या.

दुसरे सरकारवाले. त्यांच्यापाशी 'कोप' हा शब्द नाही, 'नैसर्गिक आपत्ती' आहे. काम मात्र तेच करतो. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. माप मंडळाच्या यंत्रात पडलं तेवढं खरं, माझ्या शिवारात ढग फुटला तरी यंत्र कोरडं असलं तर मी कोरडा. पंचनाम्यात रकाना असतो पिकाचा, क्षेत्राचा, टक्केवारीचा. ओढा कुणी दाबला, रस्त्याखाली पुलाऐवजी दोन नळ्या कुणी टाकल्या, त्या नळ्या गाळानं भरल्या तेव्हा कोण कुठं होतं, याचा रकाना नसतो. पाण्याचं नाव निसर्ग ठेवलं की सगळे सुटतात. महाराजांनी देवाचं नाव घेतलं, साहेबांनी निसर्गाचं. काकूच्या हाती काय आलं? एकाकडून पाप, दुसऱ्याकडून फॉर्म.

आणि तिसरा मी.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. दादांसोबत खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो, लाल मिलोची भाकरी खायचो. तेव्हा पोटाला नव्हतं, पण विहिरीच्या तळाला पाणी होतं, प्यायला पुरायचं. चाळीस वर्षांनी, २०१२ साली, दुकानात धान्य होतं आणि जालना जिल्ह्यात प्यायला पाणी नव्हतं. माझी मोसंबीची तीनशे झाडं उभी वाळली. पाव्हणे भेटायला आले, मयतीला यावेत तसे. मी त्यांना म्हणलो, देवाची मर्जी. पण मर्जी कुणाची होती? माझ्या रानात सहा बोअर होते. पहिला एकशे ऐंशी फुटांचा, शेवटचा पाचशे फुटांचा, त्यातून नुसता फुफाटा आला. कारखाना जवळ म्हणून बागेच्या शेजारी तीन एकर ऊस होता. खालचं पाणी मी उपसलं, माझ्यासारख्या सगळ्यांनी उपसलं. पाऊस कमी पडला हे खरंच आहे. पण ७२ लाही कमीच पडला होता.

त्याच्याही आधी, २००४ साली, ओढा. माझ्या लहानपणी तो चाळीस फूट रुंद होता, काठाला निर्गुडी आणि करंज. जेसीबी आमच्याकडं नवीनच आला होता. मी दोन दिवस लावला, काठ लोटला, अडीच गुंठे रान काढलं आणि ओढ्याला दहा फुटांची चारी ठेवली. सातबाऱ्यावर ते रान नाही, पण त्यात ऊस आला, तो कारखान्यानं घेतला. वरच्या भावकीनंही तेच केलं. एकवीस वर्षं काही झालं नाही. यंदा पाणी त्या दहा फुटांत मावलं नाही. बांध फोडून जे निघालं ते खालच्या रानात, काकूच्या पऱ्हाटीत. कीर्तनात मी का उठलो नाही ते आता कळलं असेल. उठून देवाची बाजू घेतली असती तर लोकांनी विचारलं असतं, मग कुणी केलं?

कीर्तनानंतर चौथ्या दिवशी मी काकूच्या ओट्यावर गेलो. चहा झाला. मी म्हणलो, काकू, पाणी माझ्या रानातून आलं. ओढा मी दाबला होता.

ती म्हणाली, "ठावं हाय की बाबा. दोन दिस मशीन चालू व्हतं, समद्यांनी पाह्यलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनापाशी बोलू? तुमीच पंचात. आन् बांधाचं भांडान लागलं की बाईमानसाला रानात जानं मुश्कील."

मला वाटत होतं तिचा भरवसा महाराजांवर बसला. तिचा कुणावरच नव्हता. रडत होती ती पऱ्हाटीसाठी.

दिवाळी झाली आणि मशीन आणलं. भाड्याचे पैसे सप्त्याच्या शिलकीतून घ्या, कळसाचा रंग पुढच्या साली करू, असं मी पंचांत मांडलं. दोघं हो म्हणाले, तिघं नाही म्हणाले. शेवटी माझेच घातले. अडीच गुंठ्यांवरचा ऊस उपटला, चारी खोदून पस्तीस फुटांपर्यंत नेली; पाच फूट अजून माझ्याकडं आहेत, तिथं विहीर आहे. काकू धुऱ्यावर उभी राहून बघत होती. तिच्या रानात मुरमावर टाकायला निघालेला गाळ तिला दिला, बारा ट्रॉल्या. त्यात पीक यायला दोन-तीन सालं लागतील.

वरचा भाऊबंद तयार नाही. त्याच्याकडं दोनदा गेलो. तो म्हणतो, असा पाऊस शंभर वर्षांत एकदाच येत असतो.