डॉक्सीसायक्लिनला उशीर नको

तापाचे मूल दवाखान्यात आले, प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू, विडाल वर गेली की टायफॉइड, नाहीतर ‘व्हायरल’. घाटावर काय नि घाटाखाली काय, बुलढाणा जिल्ह्यात बहुतेक निदान या तीन शब्दांत संपते, आणि गोचिडीपासून होणारा स्पॉटेड फीवर मधल्या मध्ये निसटतो. सेफ्ट्रियाक्झोन चालू असते आणि मूल खालावत जाते, कारण रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत दडलेल्या रिकेट्सियाला ते औषध काही करत नाही.

हा आजार आपल्या दाराशी आहे. शेजारच्या अकोल्यातील डॉ. नरेंद्र राठी व सहकाऱ्यांनी २०११ साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये मध्य भारतातील रुग्णांच्या आधारे स्पॉटेड फीवर लवकर ओळखण्याची गुणपद्धती मांडली. गोचिडीशी संपर्क आणि पुरळ यांच्या जोडीला त्यात प्लेटलेट, सोडियम, अल्ब्युमिन अशा तालुक्याच्या लॅबमध्येही होणाऱ्या तपासण्या आहेत.

पण आधी मुलाचे कपडे उतरवा आणि त्याला उजेडात घ्या. सावळ्या कातडीवर कोवळे पुरळ ट्यूबलाइटखाली दिसत नाही. ते मनगट-घोट्यांपासून निघून धडाकडे सरकते आणि तळहात-तळपायांवरही उमटते. म्हणून टाच उचलून पाहावी. पापण्यांवर, पावलांवर सूज असते, पोटऱ्या दाबल्या की मूल कळवळते, यकृत-प्लीहा हाताला लागतात. उशीर झाला तर कानाची पाळी आणि बोटांची टोके काळी पडतात. काळी खपली काखेत-जांघेत जरूर शोधावी, पण ती सापडते बहुधा स्क्रब टायफसमध्ये. तो माइटच्या अळीमुळे होतो. २०१८ मध्ये नागपूरने त्याची साथ पाहिली. स्पॉटेड फीवरमध्ये आपल्याकडे खपली क्वचितच दिसते.

“गोचीड चावली का?” असे विचारले की आई “नाही” म्हणते. त्याऐवजी कुत्रे ओट्यावर झोपते का, गोठा घराला लागून आहे का, शेतात मेंढ्या बसवल्या होत्या का, हे विचारा. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचून पोरे नखाने चिरडतात. त्यातला जंतू खरचटलेल्या कातडीतून शिरतो. चिकटलेली गोचीड रॉकेलने किंवा बिडीच्या चटक्याने काढू देऊ नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी.

वाइल-फेलिक्स किंवा आयजीएम एलायझा पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा अहवालासाठी थांबणे मुलाच्या जिवावर बेतते. आयसीएमआरच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार संशयावरूनच डॉक्सीसायक्लिन सुरू करायचे: ४५ किलोखालील मुलांना दिवसाला किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, दोन भागांत. दात पिवळे पडण्याची भीती जुन्या टेट्रासायक्लिनपासून चालत आली आहे; डॉक्सीसायक्लिनच्या अल्प कोर्सने तसे होत नाही. ताप बहुधा ४८ तासांत उतरू लागतो. मूल अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवायचे असेल, तर पहिला डोस देऊनच पाठवा आणि चिठ्ठीवर त्याची वेळ लिहा.