कोरड्या वर्षानंतरचा पूर

जुना आणि नवा जालना यांच्यामधून वाहणारी कुंडलिका वर्षाचे बरेच महिने नाल्यासारखी दिसते, त्यामुळे तिच्या पुराचा विसर पडतो. २०१२-१३च्या दुष्काळात जालना पाण्यासाठी वणवण फिरले; २०२३मध्ये तालुका पुन्हा दुष्काळग्रस्त ठरला; २०२५च्या सप्टेंबरमध्ये मात्र अतिवृष्टीने मराठवाडा झोडपला. तहानलेली जमीन पाणी पिऊन टाकते, मग दुष्काळानंतर पूर कसा, असे विचारले जाते. हे अर्धेच खरे आहे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्यांत गडप होतो. पण माती भिजून फुगली की भेगा मिटतात, पाणी मुरण्याचा वेग कमालीचा घटतो आणि नंतरच्या मध्यम सरीही ओढ्यांना पूर आणतात. त्यात दुष्काळाने गवताचे आच्छादन गेले असेल, तर पाणी आणखी वेगाने धावते.

ढगफुटीसारख्या पावसात जमीन कशीही असली तरी पूर येणारच, हा आक्षेप रास्त आहे. पण असा पाऊस क्वचित पडतो. एरवी जमिनीतला ओलावाच निर्णायक ठरतो. गोदावरीला चढायला दिवस लागतात, कुंडलिकेसारख्या उपनदीला काही तास पुरतात. म्हणून इशारा केवळ मिलिमीटरवर नको, आधीच्या पंधरवड्याचा पाऊसही मोजा. आणि पात्र मोकळे करायचे ते कोरड्या वर्षातच. पाणी आल्यावर पंचनामेच उरतात.